परीक्षानळी : दहा चहांचा एक दिनार

यंदाच्या गणेशोत्सवात चहाच्या टेबलाचा हिशेब आमच्याकडे होता. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला उकळणे, गाळणे आणि मोजणे या तीनच गोष्टी येतात असा आपल्या कार्यकारिणीचा समज असल्याने दरवर्षी हे खाते न मागता आमच्या वाट्याला येते. चहाचे कुपन १०० फिल्सचे. दहा कुपनांचे पुस्तक एक दिनाराचे. नोंदीसाठी आपल्यातल्याच एका उत्साही तरुणाने लॅपटॉपवर छोटासा डेटाबेस करून दिला होता. कुपन फाडले की ०.१०० ची नोंद, आणि दहा कुपने संपली की त्यांची बेरीज एक दिनाराशी ताडून पाहायची, अशी साधी योजना.

शेवटच्या रात्री हिशेबाला बसलो आणि पाहतो तर प्रत्येक पुस्तकापुढे लाल अक्षरांत 'मेळ नाही'. डावीकडे जमा १.०००, उजवीकडे अपेक्षित १.०००, आणि मध्ये 'मेळ नाही'! खजिनदारांनी पेटी तीनदा मोजली. रोकड बरोबर होती. तरीही बारा वाजून गेल्यावर कोणीतरी तो प्रश्न विचारलाच, "टेबलावर कोण कोण बसलं होतं?"

वाचकहो, वरवर पाहता हा प्रश्न साधा आहे. पण तो विचारला गेला की टेबलावर बसलेली दहावीतली दोन मुले एकमेकांकडे पाहू लागतात. आम्ही घाईघाईने लॅपटॉप ओढून घेतला आणि बेरीज तीन नव्हे, सोळा दशांश स्थळांपर्यंत दाखव म्हणून सांगितले. यंत्राने मुकाट्याने खरे सांगितले. एक दिनार नव्हे, ०.९९९९९९९९९९९९९९९९ दिनार. प्रत्येक पुस्तकात तेवढीच तूट. मुले सुटली, खजिनदार हसले, आणि आम्ही मात्र घरी जाताना गप्प होतो. का, ते पुढे सांगतो. आधी ही तूट येते कोठून ते पाहू.

त्याचा उलगडा आमच्या वडिलांनी केला, तोही संगणकाला कधी हात न लावता. ते सध्या सांगलीहून व्हिजिट व्हिसावर आले आहेत. सत्तरी ओलांडली आहे, पण पावकी, निमकी, पाउणकी अजून तोंडपाठ. सकाळी चहा घेताना आम्ही त्यांना म्हणालो, "बाबा, संगणकाला दशांश अपूर्णांक नीट कळत नाहीत. त्याला फक्त अर्धा, पाव, अर्धपाव, त्याच्याही निम्मा, असं निम्म्यानिम्म्यानं जाता येतं." ते म्हणाले, "मग तो आण्यांत मोजतो म्हण की!"

अगदी बरोबर. संगणकाला दोनच अंक ठाऊक, ० आणि १. आपल्या दशमान पद्धतीत दशांशचिन्हानंतरची घरे एकदशांश, एकशतांश, एकसहस्रांश अशी असतात. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती एकद्वितीयांश, एकचतुर्थांश, एकअष्टमांश, एकषोडशांश अशी असतात. आणि आपल्या पूर्वजांचा व्यवहार तरी कशात होता? रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. शेराचे सोळा छटाक. पाव, निम, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट, ज्यांचे पाढे घोकून घेत ते सगळे अपूर्णांक निम्म्यानिम्म्यानेच झालेले. एकदशांशाचा पाढा त्या शाळेत नव्हता. वडिलांच्या शाळेतला संगणक आणि आमच्या टेबलावरचा संगणक या बाबतीत एकाच तालमीतले.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात नवे पैसे आले तेव्हा काय झाले ते आठवा. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि एक आणा झाला सव्वासहा नव्या पैशांचा. पाव पैसा कोणाच्या खिशात असणार? म्हणून कोष्टक ठरले. एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. म्हणजे एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे आणि एकदम घेतल्या तर २५. फरक कोणी चोरला नाही. दोन मापे एकमेकांत नेमकी बसत नाहीत एवढेच.

संगणकाची अडचण याच्या उलट दिशेची. त्याला दहा पैसे आण्यांत मांडायचे आहेत. एक आणा ठेवला, अर्धा आणा ठेवला, झाले ९.३७५ पैसे. मग रुपयाचा २५६ वा भाग आणि ५१२ वा भाग ठेवला, झाले ९.९६०९३७५. असेच ठेवत जा, दहा कधीच पूर्ण होत नाहीत. एकाला तिनाने भागताना आपले ०.३३३ संपत नाही तसाच हा प्रकार. संगणकाला कोठेतरी थांबावे लागते. 'फ्लोटिंग पॉइंट' म्हणतात त्या नेहमीच्या पद्धतीत (तिचे प्रमाण १९८५ साली ठरले) दुहेरी अचूकतेच्या संख्येला ५३ द्विमान अंक मिळतात. आपल्या भाषेत साधारण पंधरा ते सोळा आकडे. त्यापुढचे जवळच्या अंकावर नेऊन सोडून दिले जाते.

येथे आपल्या बहरीनची गंमत पाहा. रुपयाचे शंभर पैसे. त्यांतले ०, २५, ५० आणि ७५ हे चारच आकडे संगणकाला रुपयाच्या अपूर्णांकात नेमके लिहिता येतात. आपल्या दिनाराचे हजार फिल्स. त्यांतले ०, १२५, २५०, ३७५, ५००, ६२५, ७५० आणि ८७५ हे आठच. बाकी ९९२ रकमा संगणकात अंदाजाने असतात. आणि त्यांत आपले १०० फिल्सही आले. १९६५ मध्ये येथे दिनार आला तो दहा रुपयांना एक या दराने. त्याआधी येथे रुपयाच चाले, १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला. म्हणून जुने बहरीनी दुकानदार १०० फिल्सला अजून 'रुबिया' म्हणतात. म्हणजे आमच्या चहाचा तो एक रुबियाच संगणकाला धड लिहिता येत नव्हता!

आता कोणी म्हणेल, "अहो, सोळाव्या स्थानावरची चूक. तिच्यासाठी एवढी शाई कशाला?" आक्षेप रास्त आहे. एकटी असताना ही चूक निरुपद्रवी असते. पण दोन प्रसंगी ती मोठी होते. एक, ती पुन्हापुन्हा एकाच दिशेने साचत गेली तर. दुसरे, दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली तर.

साचण्याचे उदाहरण कॅनडातले. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ मध्ये नवा निर्देशांक १००० या आकड्यावर सुरू केला. तो दिवसातून हजारो वेळा नव्याने काढला जाई आणि दर वेळी तीन दशांश स्थळांपुढचे आकडे, जवळच्या अंकावर न नेता, सरळ छाटले जात. तीन स्थळे, म्हणजे आपल्या फिल्सएवढी बारीक मोजणी! दर वेळी फार तर एका फिल्साच्या आतली छाटणी, पण नेहमी खालीच. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४.८११ वर घसरला. बाजार तर बरा चालला होता. पुन्हा नीट गणित केले तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. निम्म्याहून अधिक निर्देशांक कात्रीत गेला होता.

दुसरे उदाहरण मात्र पैशांचे नाही, आणि ते आपल्यापासून फार दूरचेही नाही. कॉजवेच्या पलीकडे, सुट्टीच्या दिवशी आपण ज्या बाजूला खरेदीला जातो, तेथले. २५ फेब्रुवारी १९९१ ची रात्र. आखाती युद्ध चालू होते. त्या वेळी येथे असलेल्या जुन्या मंडळींना ते दिवस सांगायला नकोत. दहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ सैनिक मरण पावले. ते अडवण्यासाठी ठेवलेली पेट्रियट तोफखाना-यंत्रणा जागी होती, चालू होती, पण तिने प्रतिहल्लाच केला नाही.

कारण होते एकदशांश. पेट्रियटच्या संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे. त्याचे सेकंद करायला ०.१ ने गुणावे लागे, आणि हा ०.१ चोवीस द्विमान अंकांत छाटून ठेवलेला. दर दशांश सेकंदाला चूक सुमारे ०.०००००००९५ सेकंद. डोळ्याच्या पापणीलाही कळणार नाही एवढी. पण यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू होती. शंभर तासांत सेकंदाचे छत्तीस लाख दशांश होतात. चूक झाली सुमारे ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त धावते. म्हणजे ते आकाशात जेथे असायला हवे तेथून यंत्रणा अर्ध्या किलोमीटरहून अधिक बाजूला पाहत होती. तेथे काहीच दिसले नाही, म्हणून तिने धोका नाही असे ठरवले.

यातली आमच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. चूक ठाऊक होती. यंत्रणा फार वेळ चालू ठेवली तर नेम सरकतो हे इस्रायलमधल्या अनुभवावरून दोन आठवडे आधीच कळले होते. दुरुस्त आज्ञावलीही तयार झाली होती. यंत्रणा मधूनमधून बंद करून पुन्हा चालू केली असती तरी घड्याळ शून्यापासून सुरू झाले असते. 'फार वेळ' चालवू नका, असा इशाराही दिला गेला होता. पण फार वेळ म्हणजे किती तास, ते कोणी लिहिले नव्हते. दुरुस्ती दहरानला पोचली ती २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.

आता वजाबाकीकडे वळू. मनामाच्या गोल्ड सिटीत अंगठी घ्यायला गेलात आणि सोनाराने तुम्हाला सामान तोलायच्या काट्यावर उभे केले, आधी अंगठीसह, मग अंगठीशिवाय, आणि दोहोंतली वजाबाकी म्हणजे अंगठीचे वजन, असे सांगितले तर? तुम्ही दुकान सोडून जाल. गणितात त्याचे काही चुकलेले नाही. पण माणसाच्या वजनात काटा शंभर ग्रॅमचे इकडेतिकडे करतो, आणि अंगठी चार ग्रॅमची. वजाबाकी केल्यावर माणूस नाहीसा होतो आणि काट्याची चूक तेवढी हातात राहते.

डेटाबेसमधली संख्याशास्त्राची फंक्शने कित्येक वर्षे नेमके हेच करत होती. 'प्रमाण विचलन' हा शब्द मुलांच्या पुस्तकात आपण पाहिला असेल. रीडिंग सरासरीच्या भोवती साधारण किती पसरलेली आहेत त्याचे ते माप. ते काढायची सरळ रीत अशी की आधी सरासरी काढा, प्रत्येक रीडिंगमधून ती वजा करा, उरलेल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या. त्यासाठी सगळ्या नोंदींवरून दोनदा फिरावे लागते. म्हणून पाठ्यपुस्तकांत एक जवळची वाट दिलेली असते. संख्यांच्या वर्गांची बेरीज करा, दुसरीकडे बेरजेचा वर्ग करून संख्यांच्या गणतीने भागा, आणि दोहोंची वजाबाकी करा. एकाच फेरीत काम होते. कागदावर दोन्ही रीती तंतोतंत एक. यंत्रावर मात्र नाहीत.

मुलांना घेऊन करून पाहा. समजा, आपले यंत्र कोणत्याही संख्येचे पहिले आठच आकडे धरते आणि पुढच्यांच्या जागी शून्य ठेवते. संख्या घ्या १०००१, १०००२ आणि १०००३. सरासरी १०००२, फरक उणे १, ० आणि १, फरकांच्या वर्गांची बेरीज २. हे झाले खरे उत्तर. आता जवळची वाट. वर्ग येतात १०००२०००१, १०००४०००४ आणि १०००६०००९. प्रत्येकी नऊ आकडी, म्हणून यंत्र शेवटचा अंक सोडते. बेरीज ३००१२००००. दुसरीकडे बेरीज ३०००६, तिचा वर्ग ९००३६००३६, यंत्राला दिसतो ९००३६००३०, तीनाने भागून ३००१२००१०. वजाबाकी उणे १०! वर्गांची बेरीज उणे कशी असेल? असू शकत नाही. आपल्याला हवा असलेला २ हा नवव्या अंकात होता, आणि नववा अंक यंत्राने आधीच टाकून दिला होता.

काही आज्ञावल्यांत यावर तोडगा म्हणून लिहून ठेवलेले असे की उत्तर उणे आले तर शून्य छापा. हा तोडगा रोगापेक्षा वाईट. उणे आकडा दिसला असता तर कोणालाही चूक कळली असती. शून्य मात्र खऱ्यासारखे दिसते.

येथे आम्ही त्या रात्री गप्प का होतो ते सांगायला हवे.

आम्ही जेथे नोकरी करतो त्या प्रयोगशाळेत दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक तरुण केरळी टेक्निशियन सूक्ष्म तराजूवर काम करतो. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ५० ग्रॅमचे प्रमाणित वजन तराजूवर ठेवून रीडिंग लिहायचे असा नियम आहे. तराजू मायक्रोग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यामुळे नोंद होते ५,००,००,००३ किंवा ५,००,००,००२ अशी. वर्षाअखेर डेटाबेसमधून प्रत्येकाच्या नोंदींचा गोषवारा निघतो. कोणाचे प्रमाण विचलन किती, एका ओळीत एक नाव. त्या वर्षी या मुलाच्या नावापुढे होते ०.००.

वरिष्ठांच्या बैठकीत निष्कर्ष काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत. वर्षभरात तराजू एकदाही इकडेतिकडे झाला नाही, असे जगात होत नाही. तेव्हा हा गृहस्थ वजन ठेवतच नाही, कालचाच आकडा आज उतरवतो. त्याच्या कराराचे नूतनीकरण दोन महिन्यांवर होते. टिपण लिहायचे काम आमच्याकडे आले. 'नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत', असे आम्ही लिहिले आणि खाली सही केली. आमच्या नावामागे डॉक्टर लागते, त्यामुळे टिपण वजनदार झाले.

करार नूतन न होणे म्हणजे काय हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. व्हिसा जातो, खोली जाते, गावाकडचा बँकेचा हप्ता मात्र जात नाही.

तो आमच्याकडे आला तेव्हा भांडला नाही. हाताने लिहिलेली नोंदवही समोर ठेवली आणि म्हणाला, "सर, मार्चमध्ये एक दिवस एसी बंद पडला होता. त्या दिवसाचं रीडिंग तेवढं बघा." आम्ही पाहिले. ५,००,००,०११. शेजारी त्याच्या बारीक अक्षरात शेरा, एसी बंद, खोली गरम. आधीच्या दिवशी ३, नंतरच्या दिवशी २, मग ४. वहीत कोठेही सलग एकच आकडा नव्हता. डेटाबेस उघडला. तेथेही तीच रीडिंग, जशीच्या तशी. नोंदी पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर होत्या. त्या बैठकीतल्या एकानेही उघडून पाहिल्या नव्हत्या. आम्हीही नाही.

त्या संध्याकाळी आम्ही कागदावर गणित मांडले. ५,००,००,००३ चा वर्ग होतो २५०००००३०००००००९. सोळा आकडी. तराजूच्या हेलकाव्याची खूण म्हणजे शेवटचा ९, तिनाचा वर्ग. एकट्या वर्गात तो कसाबसा मावतो. पण अशा दोनशे-अडीचशे वर्गांची बेरीज अठरा आकडी होते, यंत्राकडे आकडे पंधरा-सोळाच, आणि मग प्रत्येक नवा ९ बेरजेत पडताच नाहीसा होतो. समुद्रात चिमूटभर मीठ टाकावे तसा. उरते ती वजाबाकी शून्याच्या खाली, आणि आज्ञावली छापते शून्य. बाकीचे टेक्निशियन साध्या तराजूवर काम करत. त्यांचे आकडे लहान, म्हणून त्यांचे विचलन बरोबर आले. ज्याच्या हाती सर्वांत अचूक तराजू, तोच खोटा ठरला होता.

उपाय पाहाल तर हसाल. प्रत्येक रीडिंगमधून आधी पाच कोटी वजा करा. मग राहतात ३, २, ४, ११. हे गणित आठवीतले मूल वहीवर करील. बाजारातला भाजीवालाही टोपलीचे वजन आधी वजा करून ठेवतो, शेवटी नाही. आणि किती वजा करायचे ते आधी ठाऊक नसेल तरी वाट आहे. १९६२ साली वेलफर्ड यांनी एक रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक नवी संख्या आली की चालू सरासरी थोडी सरकवायची आणि त्या सरासरीपासूनचे फरक तेवढे साठवत जायचे. फेरी एकच, आणि मोठ्या वर्गांची वजाबाकी कोठेच नाही. म्हणजे औषध साठ वर्षांहून जुने आहे. तरी एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाची रीत सुधारली ती २००३ च्या आवृत्तीत. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस, त्यात ही फंक्शने अधिक अचूक रीतीने लिहिली गेली ती २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत. अमेरिकेच्या मानक संस्थेने तर अशा आज्ञावल्या तपासायला मुद्दाम संख्यांचे संच करून ठेवले आहेत. त्यांतल्या एकात तीनच संख्या आहेत, १०००००००१, १०००००००३ आणि १०००००००२ यांच्यासारख्या, पण एक शून्य कमी असलेल्या. म्हणजे एक कोटी एक, एक कोटी तीन आणि एक कोटी दोन. प्रमाण विचलन नेमके १ यायला हवे. आपल्या कचेरीतल्या यंत्रावर एकदा घालून पाहायला हरकत नाही.

आम्ही टिपण मागे घेतले. मागे घेण्याचे कारण दोन पाने लिहिले, कारण 'चूक झाली' एवढे लिहिले तर ती कोणाची ते वाचणारा आपल्या मनाने ठरवतो. त्याचा करार नूतन झाला. आम्ही त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो संकोचला, चहा मागवला, आणि म्हणाला, "सर, तुम्ही वही उघडलीत ना." त्याने चांगुलपणाने म्हटले होते. पण ती वही त्याने आणून दिली म्हणून उघडली, हे आम्हाला ठाऊक होते आणि त्यालाही.

म्हणूनच चहाच्या टेबलापाशी "कोण कोण बसलं होतं" हे शब्द कानावर पडले तेव्हा आमच्या पोटात कालवले. आकडा आणि माणूस यांत मेळ बसला नाही की आपण आधी माणसाकडे पाहतो. आकडा यंत्रातून आलेला असतो, तीन दशांश स्थळांपर्यंत नीटनेटका छापलेला असतो. माणूस बिचारा घामाघूम, त्याला पाठांतर असते फक्त स्वतःच्या आठवणीचे. पण आकडाही कोणीतरी केलेला असतो, आणि त्यातून काय काय छाटले गेले ते त्याच्यावर लिहिलेले नसते.

आता मंडळापुरते. एक, आपला डेटाबेस त्या तरुणाने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. यापुढे रकमा दिनाराच्या अपूर्णांकात न ठेवता फिल्सच्या पूर्णांकात ठेवल्या जातील. ०.१०० नव्हे, १००. पूर्ण संख्या लिहिताना संगणक चुकत नाही. घरखर्चाचा किंवा धंद्याचा हिशेब जे यंत्रावर ठेवतात त्यांनीही हेच करावे, किंवा डेटाबेसमध्ये पैशांसाठी 'डेसिमल' हा प्रकार निवडावा, 'फ्लोट' निवडू नये. दोन, दोन अपूर्णांक तंतोतंत समान आहेत का असे यंत्राला विचारू नये. फरक अर्ध्या फिल्सहून कमी आहे का, असे विचारावे. तीन, सरासरी आणि विचलन यांचा कागद हाती आला तर त्याच्या मागच्या नोंदींतल्या निदान दहा तरी स्वतः वाचाव्यात. विशेषतः त्या कागदावरून कोणाबद्दल काही ठरवायचे असेल तेव्हा.

चहाच्या टेबलावरच्या त्या दोघा मुलांना आम्ही मुद्दाम बोलावून हे सगळे समजावून सांगितले. मुलगी म्हणाली, "काका, म्हणजे कॉम्प्युटरला पाव कळतो पण दहावा भाग कळत नाही?" आमचे वडील शेजारीच बसले होते. त्यांनी तिला पावकी म्हणून दाखवली. आता ती दर शुक्रवारी पाउणकी शिकायला येते. वडिलांचा व्हिसा संपेपर्यंत औटकीपर्यंत मजल जाईल असे दिसते. ज्या पालकांना मुलांना पाठवायचे असेल त्यांनी अवश्य पाठवावे. चहा आमच्याकडून, कुपन लागणार नाही.